दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर: तो काय सांगतो, काय सांगत नाही आणि डॉक्टरांना तो जड का जातो

रात्री लेकराला ताप चढला तर पाटी वाचत बसायला कुणाला वेळ असतो? ज्या दवाखान्यात लाईट दिसते तिथं आपण जातो. इंजेक्शन दिलं, ताप उतरला, की तो डॉक्टर आपला. त्याच्या नावापुढं कोणती अक्षरं आहेत, पाटीच्या कोपऱ्यात एखादा नंबर आहे का, हे आपण बघतो ते काहीतरी बिघडल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

पाटीवरचा हा नंबर म्हणजे डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. डॉक्टरला तो एकदा मिळवावा लागतो आणि पुढं आयुष्यभर सांभाळावा लागतो. यात रुग्णाचा फायदा आहे, यात वाद नाही. पण या कागदांचं ओझं नेमकं कुणाच्या डोक्यावर बसतं, हे पाहिलं तर गणित थोडं उलटं दिसतं. नियमानं चालणारा खेड्यातला एकटा डॉक्टर सगळं ओझं वाहतो. आणि ज्याच्याकडं कागदच नाही, त्याला कसलंच ओझं नाही.

नंबर येतो कुठून?

डॉक्टरांची सरकारी यादी ठेवायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९१२ साली कायदा झाला. आज महाराष्ट्रात एमबीबीएस आणि त्यापुढं शिकलेल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं होते. तिला सगळे एमएमसी म्हणतात आणि ती १९६५ च्या कायद्यानं चालते. बीएएमएस म्हणजे आयुर्वेद आणि बीयूएमएस म्हणजे युनानी, यांची परिषद वेगळी. बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी, त्यांची आणखी वेगळी. दातांच्या डॉक्टरांचीही स्वतंत्र आहे.

एमबीबीएसला साडेचार वर्षं शिक्षण, मग एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यानंतर कायमची नोंदणी. नुसती पदवी घरी फ्रेम करून लावली म्हणून दवाखाना टाकता येत नाही. पदवी विद्यापीठ देतं, पण रुग्ण तपासायचा परवाना परिषद देते. हा फरक गावात बऱ्याच जणांना माहीत नसतो. म्हणून भिंतीवर सोनेरी चौकटीतलं सर्टिफिकेट दिसलं की आपण निर्धास्त होतो.

तुम्ही पाटी वाचायला लागलात तर सर्वात जास्त गोंधळ "एमडी" या दोन अक्षरांचा होईल. एमबीबीएसनंतर तीन वर्षं शिकून मिळवलेली एमडी वेगळी. आयुर्वेदातही एमडी असते, होमिओपॅथीतही असते, त्या आपापल्या शास्त्रातल्या. रशिया, किर्गिझस्तानसारख्या देशांतून पोरं जी एमडी घेऊन येतात, ती आपल्याकडच्या एमबीबीएसच्या बरोबरीची धरतात, तज्ज्ञाची नाही. आणि कंसात "ए.एम." असं बारीक अक्षरात लिहिलेली एमडी दिसली, तर ती बहुतेक वेळा पर्यायी औषधांच्या कुठल्यातरी संस्थेनं दिलेली असते. तिची नोंद वरच्या कुठल्याच परिषदेत होत नाही. इलेक्ट्रोपॅथीच्या पदव्यांचंही तेच. "डीएमएलटी" हा रक्त-लघवी तपासणाऱ्या तंत्रज्ञाचा डिप्लोमा आहे, त्यावर डॉक्टरकी करता येत नाही.

दर पाच वर्षांनी पुन्हा

एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. नुसती फी भरून भागत नाही. पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते मिळतात डॉक्टरांच्या व्याख्यानांना, परिषदांना, कार्यशाळांना हजेरी लावून. हेतू एकच, की कॉलेज सोडल्यावरही डॉक्टरचं शिकणं थांबू नये.

हे किती गरजेचं आहे, ते कोकणातल्या विंचवाच्या उदाहरणावरून कळतं. लाल विंचू चावला की पूर्वी माणसं, विशेषतः लहान मुलं, हृदयावर ताण येऊन आणि फुप्फुसात पाणी भरून दगावत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करत राहिले. रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं साधं, स्वस्त औषध अशा वेळी जीव वाचवतं, हे त्यांनी दाखवलं. ऐंशीच्या दशकात हे काम 'द लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं आणि विंचूदंशानं होणारे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता विचार करा. १९७५ साली कॉलेजातून बाहेर पडलेल्या डॉक्टरला हे औषध पुस्तकात शिकवलेलंच नव्हतं. नंतर कुणी सांगितलं नसतं तर तो जुनंच देत बसला असता. साप चावल्यावर घट्ट दोरी बांधायची हाही एकेकाळी रीतसर सल्ला होता. आज डॉक्टर नको म्हणतात, कारण आवळून बांधल्यानं हातपाय गमवायची वेळ येते. डॉक्टर जुन्या माहितीवर चालत राहिला तर किंमत आपण मोजतो.

पण खेड्यातल्या डॉक्टरला हे ३० पॉइंट जमवताना काय करावं लागतं, तेही बघा. कार्यक्रम होतात पुण्यात, नागपुरात, नाशकात, फार तर जिल्ह्याच्या ठिकाणी. धारणी, अक्कलकुवा किंवा एटापल्लीच्या डॉक्टरनं तिकडं जायचं म्हणजे दोन दिवस दवाखान्याला कुलूप. शहरात एक डॉक्टर गेला तर शेजारच्या गल्लीत दुसरा असतो. इथं तो गेला की त्या दोन दिवसांत बाळंतीण अडली, साप चावला, तर गाडी करून थेट जिल्हा गाठायचा. कोरोनानंतर ऑनलाइन व्याख्यानांची सोय वाढली, हे बरं झालं. पण रेंजसाठी टेकडीवर जावं लागणाऱ्या गावात तिचा उपयोग किती, हे वाचकांना सांगायला नको.

आणि व्याख्यानं कशावर? बऱ्याचदा महागड्या उपचारांवर, नव्या मशीनवर. कार्यक्रमाला औषध कंपन्यांचे स्टॉल असतात, जेवण चांगलं असतं. ज्याच्याकडं रोज जुलाब, सर्पदंश, कमी वजनाची बाळं आणि फवारणीची विषबाधा येते, त्यानं हृदयातल्या नव्या झडपेवरचं भाषण ऐकून हजेरी लावायची. पॉइंट मिळाला, पण त्याच्या रुग्णाला काय मिळालं? डॉक्टर मंडळीच खासगीत म्हणतात, की काही ठिकाणी सही करून चहा पिऊन निघून येता येतं. त्यामुळं नोंदणी चालू असणं म्हणजे ज्ञान ताजं असणं, असं धरून चालू नका. एवढंच धरा, की हा माणूस परिषदेच्या यादीत आहे आणि चुकला तर त्याला जाब विचारणारी जागा आहे. मला वाटतं, या नंबरची खरी किंमत तिथंच आहे.

फाईलवर फाईल

नोंदणी झाली म्हणजे संपलं नाही. दहा खाटांचं छोटं हॉस्पिटल काढायचं तर शुश्रूषागृहाची नोंदणी वेगळी, ती दर तीन वर्षांनी नवी करायची. वापरलेल्या सुया, बँडेज, रक्ताचे बोळे यांची विल्हेवाट लावायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. आगीचा दाखला. सोनोग्राफी ठेवायची तर तिची स्वतंत्र नोंदणी आणि प्रत्येक गरोदर बाईमागं एक लांबलचक फॉर्म. साध्या एमबीबीएस डॉक्टरला गरोदरपणातली सोनोग्राफी करायची तर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते.

सोनोग्राफीच्या फॉर्मवर डॉक्टरांचा फार राग आहे. एक रकाना चुकला तरी गुन्हा दाखल होतो, ही त्यांची तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१९ मध्ये न्यायालयानं ती मान्य केली नाही. हा फॉर्म म्हणजे नुसती कारकुनी नाही, गर्भातल्या मुलीची हत्या रोखायचा तोच आधार आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या फक्त ८०७. हा आकडा डोळ्यासमोर ठेवला की डॉक्टरांचा राग समजतो, पण त्यांची बाजू पटत नाही. काही ओझी डॉक्टरांच्याच एका गटाच्या करणीमुळं सगळ्यांच्या डोक्यावर आली आहेत.

बाकीच्या कागदांचं मात्र तसं नाही. शहरातल्या शंभर खाटांच्या हॉस्पिटलात फाईली सांभाळायला वेगळा माणूस असतो. तालुक्यातल्या नवरा-बायको डॉक्टरांच्या दवाखान्यात ते काम रात्री ओपीडी संपल्यावर त्या दोघांनाच करावं लागतं. दोघांना नियम एकच. मग काही जण खाटा बंद करून नुसती ओपीडी चालवतात, काही शहरात निघून जातात. नुकसान कुणाचं होतं, हे बाळंतपणासाठी ४० किलोमीटर जाणाऱ्या बाईला विचारा.

ज्याला ओझंच नाही

अशी जागा रिकामी पडली की तिथं बोगस डॉक्टर येतो. त्याला पॉइंट नकोत, फॉर्म नको, परवाना नको. तो वाडीवर येतो, उधारीवर औषध देतो, रात्री-अपरात्री हाक मारली तर उठतो, गोड बोलतो. सलाईन लावतो, कारण सलाईन लावलं की आपल्यालाही उपचार झाल्यासारखं वाटतं. झटक्यात बरं वाटतं ते बहुतेक वेळा स्टेरॉइडमुळं. सांधेदुखी, दमा, ताप, सगळ्यावर तेच. पुढं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आतला आजार झाकला जातो. टीबी असलेला माणूस सहा महिने अशा सुया घेत राहतो आणि मग घरात दुसऱ्यालाही टीबी निघतो.

कायदा कमी नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यानं नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्याचा १९६१ चा कायदाही आहेच. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्या आहेत. पण धाड पडायच्या आधी बातमी फुटते, दवाखान्याला कुलूप लागतं आणि महिन्याभरात पुढच्या गावात नवी पाटी लागते. गावही तक्रार करत नाही. "तो गेला तर आम्ही जायचं कुठं?" या प्रश्नाला समितीकडं उत्तर नसतं.

होमिओपॅथी डॉक्टरांचं काय?

हे प्रकरण बोगस डॉक्टरांपेक्षा वेगळं आहे, दोन्हींची गल्लत करू नका. बीएचएमएस डॉक्टर रीतसर शिकलेले, रीतसर नोंद झालेले असतात. प्रश्न आहे ॲलोपॅथीच्या औषधांचा. १९९६ साली मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की होमिओपॅथीच्या डॉक्टरनं न शिकलेल्या शास्त्राची औषधं दिली तर तोच निष्काळजीपणा ठरतो. त्या प्रकरणात तापाच्या रुग्णाचा जीव गेला होता.

खेड्यात डॉक्टर मिळत नाहीत म्हणून २०१४ मध्ये राज्यानं कायदा बदलला. एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित ॲलोपॅथी औषधं देता यावीत, अशी वाट काढली. या कोर्सला सीसीएमपी म्हणतात. अशा डॉक्टरांची नोंद एमएमसीकडं करायची की नाही, यावरून २०२५ मध्ये मोठं रान उठलं. आधी नोंदणीचा निर्णय, मग ॲलोपॅथी डॉक्टरांच्या आयएमए संघटनेचा विरोध, मग थांबवाथांबव, पुन्हा आदेश आणि सप्टेंबरमध्ये संप. वाद कोर्टातही गेला. आयुर्वेदाच्या डॉक्टरांना मात्र राज्याच्या नियमानं ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची मुभा आधीपासून आहे.

एका वर्षात औषधशास्त्र पुरेसं शिकता येतं का, हा आयएमएचा प्रश्न रास्त आहे. पण विरोध करणाऱ्यांपैकी किती जण मेळघाटात दवाखाना टाकायला तयार आहेत, हा गावचा प्रश्नही तेवढाच रास्त आहे.

इथं गडचिरोलीची आठवण काढावी लागते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला जंतुसंसर्ग झाला तर कोणत्या खुणा बघायच्या, इंजेक्शन कधी आणि किती द्यायचं, हे सगळं. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. तरी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पण त्या बायका मनाला येईल ते करत नव्हत्या. काम नेमकं ठरलेलं होतं, नोंदी रोज होत होत्या आणि तपासायला वरचा माणूस येत होता. बोगस डॉक्टरच्या सुईत आणि या सुईत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

जमीन विकून परदेशी पाठवलेली पोरं

आपल्या तालुक्यांतून दरवर्षी मुलं-मुली परदेशात डॉक्टरकी शिकायला जातात. परत आल्यावर त्यांना एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. ती वर्षातून दोनदा होते, ३०० पैकी १५० गुण लागतात. बऱ्याच वेळा पाचांतला एखादाच पास होतो. म्हणजे सहा वर्षं आणि लाखो रुपये घालवूनही पोरगं "डॉक्टर" होत नाही. काही जण मग दुसऱ्याच्या दवाखान्यात नाव न लावता रुग्ण तपासतात. तेही बेकायदाच. एजंट पैसे घेताना ही परीक्षा बारीक अक्षरात सांगतो, हे जमीन विकायच्या आधी लक्षात घ्या.

तुम्ही काय बघायचं?

नियमानं डॉक्टरला आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा लागतो आणि औषधाच्या चिठ्ठीवर, पावतीवरही लिहावा लागतो. चिठ्ठीच देत नाही, गोळ्या पुडीत बांधून देतो, नाव विचारलं की चिडतो, तर सावध व्हा.

एमएमसीनं २०२५ मध्ये 'नो युवर डॉक्टर' नावाची क्यूआर कोडची सोय आणली आहे. दवाखान्यात लावलेला कोड मोबाईलनं स्कॅन केला की डॉक्टरचं नाव, नोंदणी, पदवी दिसते. फक्त उघडलेलं पान परिषदेचंच आहे ना, हे वरचा पत्ता वाचून बघा. क्यूआर कोड काय, फोनपेचाही खोटा चिकटवतात. कोड नसेल तर एमएमसीच्या वेबसाइटवर नाव किंवा नंबर टाकून शोधता येतं. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर तिथं सापडले नाहीत म्हणून लगेच बोगस म्हणू नका, त्यांची यादी त्यांच्या परिषदेकडं असते. व्हॉट्सॲपवर कुणाला बोगस ठरवायच्या आधी एवढं तपासा. खऱ्या डॉक्टरचं नाव खराब झालं आणि तो गाव सोडून गेला, तर भुर्दंड आपल्यालाच.

हॉस्पिटलात भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायची जबाबदारी डॉक्टरची आहे. रुग्णानं किंवा घरच्यांनी मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. मागणी लेखी करा आणि तारीख घालून पोच घ्या.

नोंदणी असलेल्या ॲलोपॅथी डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर ती एमएमसीकडं करायची, बाकीच्यांची त्यांच्या परिषदेकडं. परिषद नोटीस काढते, दोन्ही बाजू ऐकते, ठरावीक काळासाठी नाव यादीतून काढूही शकते. पैशाची भरपाई मात्र तिथं मिळत नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. आणि नोंदणीच नसलेल्या माणसाची तक्रार असेल तर ती परिषदेकडं पाठवून वेळ घालवू नका. ती तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं द्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. अर्जासोबत चिठ्ठी, पावती, दवाखान्याच्या पाटीचा फोटो, त्यानं दिलेल्या औषधाचं रिकामं पाकीट, जे काही असेल ते जोडा. यातलं काहीच नसेल तर धाडीनंतरही केस कोर्टात टिकत नाही.